तिचे थंड अणू

माझी बायको अणू थंड करते. लग्नाला एवढी वर्षं झाली, तरी हे वाक्य बोललो की समोरचा माणूस जरा थबकतो, हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे नेमकं काय?" मी जनावरांचा सरकारी डॉक्टर. माझं काम कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तिचं मात्र मला आयुष्यभर सांगावं लागलं आहे, आणि खरं म्हणजे ते सांगायला मला आवडतं.

माझी पहिली नेमणूक यावलला होती. एप्रिलमधल्या एका दुपारी एक केळीवाले भाऊ दवाखान्यात आले. त्यांच्या बैलाच्या खुरात खिळा गेला होता. भाऊंची स्वतःची कंबर धरलेली, त्यामुळे मळ्यात गेल्यावर बैलाची वेसण त्यांच्या मुलीने धरली. मी खूर कोरायला घेतला. बैल झटके देत होता, पण तिचा हात हलत नव्हता. अशा वेळी मालक एकच प्रश्न विचारतात, बैल औताला कधी येईल. तिने विचारलं, "पू आत किती खोल गेलाय, हे तुम्हाला न बघता कसं कळतं?"

मी म्हटलं, "दाबून. दुखेल तिथे तो पाय ओढतो."

"म्हणजे बाहेरून ढकलायचं आणि आतलं काय म्हणतंय ते ऐकायचं," ती म्हणाली. "आमच्याकडेही तसंच आहे."

आमच्याकडे म्हणजे कुठे, असं विचारल्यावर कळलं की ती दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत पीएचडी करते. मग भर एप्रिलात घरी कशी? तर म्हणाली, "माझं यंत्र सध्या भाजायला ठेवलंय. काही आठवडे तरी हात लावता येणार नाही."

आणि मग बैलाच्या पायाला मी पट्टी बांधत असताना तिने मला पहिल्यांदा ते सगळं सांगितलं. उष्णता म्हणजे दुसरं काही नाही, अणूंची धावपळ. आपल्या अंगाभोवतीच्या हवेतला प्रत्येक कण बंदुकीच्या गोळीच्या वेगाने धावत असतो. ती धावपळ जवळजवळ थांबवायची, म्हणजे ते अणू विश्वात कुठेही नसेल इतके थंड होतात. त्यासाठी पोलादाची एक पेटी लागते आणि तिच्यातली हवा जवळजवळ सगळी काढून टाकावी लागते. पण पोलादाच्या अंगात ओल मुरलेली असते. ती घालवायला पेटीला तारा गुंडाळून, वरून अॅल्युमिनियमचा कागद लपेटून आठवडेच्या आठवडे तापवत ठेवतात.

"म्हणजे गार करायचं म्हणून आधी भाजायचं?" मी विचारलं.

"हो ना. आमच्या यावलसारखंच. उन्हाळा भोगल्याशिवाय काही नाही."

"आणि अणू थांबवता कसे?"

तिने बांधावरच्या बोरीकडे बोट दाखवलं. "हा बैल उधळून तुमच्या अंगावर आला आणि तुमच्या हातात फक्त बोरं आहेत असं समजा. एका बोराने तो थांबणार नाही. पण समोरून सारखा बोरांचा मारा केला, लाखो बोरांचा, तर कधीतरी मंदावेलच. आम्ही बोरांऐवजी प्रकाश मारतो. लेझरचा."

प्रकाशाने एखादी वस्तू गार होते, हे मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं. आमच्या भागात प्रकाशाने माणूस भाजतो.

बैलाची जखम लवकर भरली. ती भरल्यावरही मी आणखी दोनदा बघायला गेलो, आणि त्याची गरज नव्हती हे भाऊंना माझ्याइतकंच कळत होतं. दुसऱ्या खेपेला त्यांनी बैलाकडे नेलंच नाही. सरळ ओटीवर बसवून विचारलं, "डॉक्टर, घरी कोण कोण असतं?"

माझं घर धुळ्याजवळच्या खेड्यात. आबा एसटीत ड्रायव्हर होते, शिवाय थोडं कपाशीचं रान. आमची बोली अहिराणी. यावलकडची वेगळी. मी मुलीचं सांगितल्यावर मायने विचारलं, "पोर करस काय?"

"अणू थंड करस," मी म्हणालो.

माय गंभीरपणे म्हणाली, "मंग तिले फ्रीज नही भेटना का?"

हा प्रश्न मी पुढे तिला सांगितला, तेव्हा ती पोट धरून हसली. मग म्हणाली, प्रश्न वेडा नाही. फ्रीजमधला गारवा तिच्या अणूंच्या मानाने वणव्यासारखा आहे, हे मायला ती स्वतः सांगेल. लग्नानंतर तिने खरोखरच सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं मोडक्या अहिराणीत. मायला किती समजलं कोण जाणे, पण तिने शेजारणीला सांगितलं की आमच्या सुनेच्या हाताखाली प्रकाश काम करतो.

गावात आमच्यावर एक विनोद निघाला: यांच्या घरात दोन डॉक्टर, पण ताप आला तर जायचं दुसरीकडेच.

पीएचडी झाल्यावर ती युरोपातल्या एका डोंगराळ गावी तीन वर्षं गेली. तिथे अणू थंड करणारी मोठी प्रयोगशाळा होती. माझी तोवर जामनेरला बदली झालेली. नवरा इथे म्हशी तपासतो आणि बायको बर्फात राहते, यावर लोक बोलले. माझ्यासमोर कमी, मागे जास्त. मी जे ऐकत होतो ते वेगळंच होतं. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि पहिली पाच मिनिटं घरची विचारपूस झाली, की ती आठवडाभरातलं काम सांगायची. त्यातलं बरंचसं काम म्हणजे काहीतरी बिघडणं. लेझरचा रंग सरकला. आरसा धरणाऱ्या चिमटीचा स्क्रू ढिला झाला. खोलीतलं तापमान एखाद्या अंशाने बदललं आणि महिनाभर जुळवलेले किरण जागा सोडून गेले. मी एकदा विचारलं, "अगं, मग चालतं कधी?"

"चालतं की. दिवसाकाठी दहा-पंधरा मिनिटं," ती म्हणाली. "पण ती दहा मिनिटं बघायला हवीस तू." मग हसून म्हणाली, "तू दिसत नाहीस म्हणून एकेरीवर आले, हं." तेव्हापासून आम्ही दोघंच असलो की 'तू', आणि आबांसमोर 'अहो'.

तिथे तिला राहायला सांगत होते. ती परत आली. कारण विचारलं तर लोकांना वाटायचं ती देशाबद्दल काहीतरी बोलेल. ती म्हणायची, "दुसऱ्याच्या यंत्रावर काम केलं. आता माझं यंत्र बांधायचंय." दक्षिणेतल्याच एका संस्थेत तिला जागा मिळाली. जागा म्हणजे शब्दशः जागा: तळमजल्यावरची एक रिकामी खोली, कोपऱ्यात भिंतीला ओल. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिथे एक तुटकी खुर्ची आणि एक बादली होती. ती त्या खोलीच्या मधोमध उभी राहून हातवारे करत मला दाखवत होती, इथे टेबल, हवेच्या पायांवर तरंगणारं, म्हणजे रस्त्यावरून ट्रक गेला तरी थरथर लागणार नाही, इथे लेझर, इथे पेटी. मी मान डोलावली. मला बादली दिसत होती.

त्याच काळात आमची मुलगी झाली. माय सगळं सोडून तिच्याकडे राहायला गेली. माय तिथल्या वॉचमनशी अहिराणीत बोलायची आणि तो त्याच्या भाषेत उत्तर द्यायचा. दोघांचं उत्तम जमलं होतं. सकाळी बाळाला न्हाऊमाखू घालून माय तिच्या मांडीवर द्यायची, ती पाजायची आणि प्रयोगशाळेत जायची. दुपारी पुन्हा यायची. मी रजा मिळेल तसा जायचो. एवढ्या धावपळीत तिच्या कपाळावर मी आठी पाहिली नाही असं म्हणणं खोटं होईल. आठ्या होत्या. ती रडलेलीही मी पाहिली आहे, एकदा लेझर कस्टममध्ये अडकला तेव्हा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा त्या खोलीत असायची.

चारेक वर्षांत ती खोली ओळखू येईनाशी झाली. टेबलावर शेकडो आरसे आणि भिंगं, बोटाएवढी, चौकोनी चिमट्यांत धरलेली, एखाद्या लहानशा शहरासारखी दाटीने मांडलेली. मधोमध पेटी. तिच्या काचेच्या खिडकीतून कॅमेरा आत बघायचा. रुबिडियम नावाच्या धातूचे अणू आत सोडायचे आणि सहा बाजूंनी प्रकाश मारून मध्ये अडवायचे, इथवर काम आलं होतं. पडद्यावर एक उजळ ठिपका दिसायचा. तो तिच्या मते अजून गरम होता. पुढची पायरी बाकी होती. ती मला म्हणाली होती, कपातल्या चहातून वाफ निघून जाते म्हणजे काय होतं? सगळ्यात उष्ण तेवढं उठून जातं आणि उरलेला चहा गार होतो. तसंच ती अणूंचं करणार होती. अवखळ तेवढे जाऊ द्यायचे. शेवटी जे उरतात ते इतके शांत होतात की प्रत्येकाचं वेगळेपण संपतं आणि सगळे मिळून एकच लाट झाल्यासारखे वागतात.

त्या सुमारास धुळ्याला माझ्या धाकट्या भावाचा साखरपुडा ठरला. सगळ्यांना आणायला म्हणून मी तिच्याकडे गेलो होतो. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी प्रयोगशाळेत एका स्टुलावर बसलो होतो. तिचे दोन विद्यार्थी संगणकाशी होते. पेटीला लागून दोन झडपा होत्या. एका झडपेपलीकडचा पंप दुरुस्तीसाठी काढलेला, म्हणजे त्या बाजूला साधी हवा. तिला दुसरी झडप उघडायची होती. तिने पहिली उघडली.

सायकलच्या ट्यूबमधून हवा निघताना येतो ना, तसा आवाज झाला, फक्त उलटा, आत ओढल्यासारखा. मग कुठेतरी टिक झालं. हवा आत शिरली आणि पेटीचा चालू पंप बंद पडला. पेटीच्या काचेला खालून वरपर्यंत एक बारीक रेघ गेली.

विद्यार्थ्यांपैकी मुलगी होती तिचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटतं तिला भीती वाटली असावी की आता हे कुणावर तरी जाणार. माझ्या बायकोने झडप बंद केली. हात अजून तिच्यावरच होता. म्हणाली, "चुकीची उघडली मी. चूक माझी आहे, पूर्ण माझी." मग विद्यार्थ्यांकडे वळून म्हणाली, "चला, चहा घेऊ. आल्यावर काय काय वाचलंय ते बघू."

कँटीनमध्ये तिने विद्यार्थ्यांना सांगितलं की दोन झडपा एकमेकींशेजारी आणि दिसायला सारख्या ठेवल्या, ही मांडणीही तिचीच होती. नव्या पेटीत त्या लांब असतील. परत येऊन तिने संस्थेच्या प्रमुखांना स्वतः जाऊन सांगितलं. मी बाहेर उभा होतो. आत जेमतेम काही मिनिटं लागली. नोकरीत मी अनेक साहेब पाहिले आहेत. चुकीची लस टोचली गेली तर शिपायाचं नाव पुढे करणारेही पाहिले आहेत. त्या दिवशी त्या व्हरांड्यात मला वाटलं, या बाईशी आपलं लग्न झालं आहे.

मी म्हटलं, साखरपुड्याला नको येऊस. ती म्हणाली, "तिकिटं काढलीत ना? इथे आता काच यायलाच महिने लागणार."

धुळ्यात ती सगळ्यांशी हसून बोलली. पुऱ्या लाटल्या, नवरीकडच्या बायकांना ओवाळलं. पण पंगतीत तिच्या पानातलं तसंच राहिलं. आबा वाढप्यांवर नजर ठेवत फिरत होते. तिच्यापाशी थांबले.

"काय जयं बेटा?"

तिने सांगितलं. लहान मुलाला सांगावं तसं सोपं करून नव्हे, जसं झालं तसं. आबा ऐकत खाली बसले, पंगतीतच, तिच्या शेजारी.

"मी बी एकदाव गाडी नालामा घाली व्हती," ते म्हणाले. "भरेल गाडी. कोनले लागनं नही, देवनी कृपा. डेपोमा जाईसन सांगी दिनं, चूक मनी शे."

हे मी कधीच ऐकलं नव्हतं. मायनेही नसावं, कारण ती वाढता वाढता थांबली.

"मंग?" माझ्या बायकोने विचारलं.

"मंग काय. थोडा दिन घर बसाडं. नंतर परत स्टेअरिंगवर." आबांनी तिच्या पानाकडे पाहिलं. "तू परत बांधशी ना?"

"बांधसू, आबा."

"मंग जेवी ले."

ती जेवली. बट्टीवर तूप मागून घेतलं.

पुन्हा बांधायला वर्षाहून जास्त लागलं. प्रत्येक तुकडा सुटा करून धुवायचा, हातमोजे घालून. बोटाचा ठसा उमटला तरी त्यातलं तेल आत वर्षानुवर्षं वाफाळत राहतं. पेटीचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, आळीपाळीने आवळायचे. मग पुन्हा कागद लपेटून भाजणं. त्या महिन्यांत ती मुलीला घेऊन जामनेरला आली आणि आम्ही मुक्ताईनगरला दर्शनाला गेलो. तिथे नदीकाठी तिच्या फोनवर एक लेख आला. ज्या मोजणीसाठी तिने यंत्र बांधायला घेतलं होतं, तीच मोजणी दुसऱ्या देशातल्या गटाने करून छापली होती.

ती पायरीवर बसून पूर्ण लेख वाचत राहिली. मुलगी पाण्यात पाय बुडवून खेळत होती. झडप चुकली नसती तर, हे आमच्या दोघांच्याही मनात असणार. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "काम चांगलं केलंय त्यांनी. फार चांगलं." त्यातला अमुक एक आलेख कसा सुंदर आहे, हे ती मला परतीच्या वाटेवर गाडीत समजावत होती. मी चिडून म्हणालो, "तुला काहीच वाटत नाही का?"

"वाटतं ना," ती म्हणाली. "पण उत्तर बरोबर आहे, त्याला मी काय करू? आता मला दुसरा प्रश्न शोधायला हवा." आणि जामनेर येईपर्यंत तिने तो लेख पुन्हा पहिल्यापासून वाचला. तिला प्रश्न सापडायला पावसाळा उलटला. त्या गटाने अणू थंड करून स्थिर ठेवले होते. ती म्हणाली, मी त्यांना ढवळून बघणार, ढवळल्यावर ते पुन्हा शांत कसे होतात ते.

फोन आला तेव्हा मी जामनेरजवळच्या एका वस्तीवर होतो. गाय अडली होती. वासराचा पाय मागे दुमडलेला आणि माझा उजवा हात खांद्यापर्यंत आत. खिशात फोन वाजायला लागला. एकदा, पुन्हा, परत. शेवटी त्या घरातल्या अक्कांनी माझ्या खिशातून फोन काढून माझ्या कानाला लावला.

"झालं," ती म्हणाली.

"काय झालं?"

"अरे, झालं! सगळे एका चालीत आले. तीनदा करून बघितलं. तीनही वेळा आले."

मला ओरडावंसं वाटत होतं, पण गाईला कळ आली आणि माझा हात आवळला गेला. मी नुसतं "आई गं" म्हणालो. ती म्हणाली, "रडतोयस का तू?" अक्कांनी फोन आपल्या कानाला लावून सांगितलं, "बाई, साहेबांचा हात गाईच्या पोटात आहे. काय चांगली बातमी आहे का?" पलीकडून तिने काय सांगितलं कोण जाणे, अक्का म्हणाल्या, "असं का! मग पेढे पाठवा." वासरू यायला आणखी बराच वेळ लागला. जगलं.

पुढे मी तो पडदा प्रत्यक्ष पाहिला. उजळ पार्श्वभूमीवर एक काळसर ठिपका, ज्वारीच्या दाण्याएवढा. अणूंची सावली. मी खरं सांगितलं की मला वाटलं होतं याहून काही मोठं असेल. ती म्हणाली, "मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं." ढवळण्याचे तिचे प्रयोग आता बाहेरचे लोक वाचतात, त्यावर पत्रं लिहितात. झडप उघडली तेव्हा पांढरी पडलेली ती विद्यार्थिनी आज दुसऱ्या शहरात स्वतःची प्रयोगशाळा बांधते आहे. आमच्या मुलीने मात्र अकरावीला कॉमर्स घेतलं. फिजिक्स कंटाळवाणं आहे म्हणाली. तिची आई एवढंच बोलली, "आहेच. मधले काही दिवस सोडून."

गेल्या हिवाळ्यात धुळ्यातल्या एका कॉलेजने तिला व्याख्यानाला बोलावलं. हॉल भरला होता. शाल, नारळ, मोठी प्रस्तावना. तिने बोरांची गोष्ट सांगितली आणि मुलं हसली. शेवटी मागच्या रांगेतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, याचा उपयोग काय?"

प्राचार्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. ती म्हणाली, "फोन तुम्हाला रस्ता दाखवतो, त्यामागे अणूंची घड्याळं आहेत. अणू जितके शांत, तितकं घड्याळ नेमकं. हे उत्तर मी अनुदान मागताना देते. पण मी ते त्यासाठी करत नाही. मला बघायचं असतं, म्हणून करते. तुम्हाला कधी काही असं बघावंसं वाटलंय का?"

मुलगी म्हणाली, "आमच्या लॅबमधल्या स्पेक्ट्रोमीटरमध्ये काहीच दिसत नाही, मॅडम. दोन वर्षं झाली."

स्पेक्ट्रोमीटर म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणारं यंत्र. हॉलमध्ये हशा पिकला. ती हसली नाही. "कुठे आहे लॅब?" तिने विचारलं.

व्याख्यानानंतर जेवण ठेवलं होतं, खास वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी. प्राचार्य मला घेऊन टेबलापाशी थांबले. ती येईना. मी बघायला गेलो, तर लॅबमध्ये जुन्या लाकडी टेबलावर शाल आणि नारळ ठेवलेला, आणि ती वाकून, बाह्या सारून, त्या स्पेक्ट्रोमीटरचा स्क्रू फिरवत होती. भोवती दहा-बारा मुली. सोडियमच्या दिव्याचा पिवळा उजेड सगळ्यांच्या तोंडावर. ती त्या मुलीला म्हणत होती, "मी नाही, तू फिरव. हळू. अजून हळू. डोळा लाव आणि सांग काय दिसतं."

"पिवळी रेघ आहे, मॅडम."

"एक की दोन?" नीट जुळवलं की त्या एका रेघेच्या जवळजवळ दोन दिसतात, हे तिने मला पूर्वी सांगितलं होतं.

मुलगी बराच वेळ बघत राहिली. मी दारातूनच विचारलं, जेवायला येणार का. तिने मागे न बघता हात हलवला. मी परत गेलो आणि प्राचार्यांनी आणि मी जेवून घेतलं.